नव्या झेंड्यावरचा सूर्य

उर्बानानं शिवलेल्या सूर्याचे किरण मी तीनदा मोजले. नऊ भरले. स्पेनविरुद्ध उठलेल्या फिलिपिन्सच्या आठ प्रांतांचे आठच हवे होते.

आमच्या इमुस गावाचा जुना लाल झेंडा मी शिवला होता. नव्या तिरंगी झेंड्याचं काम मात्र माझ्या या नणंदेला मिळालं. म्हणून चार दिवस मी तिच्याशी अबोला धरला होता. उद्या भरचौकात झेंडा फडकेल, तेव्हा होऊ दे तिची फजिती!

"वहिनी, तोंड का फुगलंय? सूर्य ओळखला नाहीत?" ती हसली. "तुमच्याच झेंड्यावरून हुबेहूब उतरवलाय."

मी तो झेंडा शिवला तेव्हा किरणांची संख्या ठरलेली नव्हती. मनाला येतील तेवढे, नऊ, शिवले होते.

"कात्री आण, उर्बाना," मी म्हणाले. "नऊ झालेत. सगळे उसवून आठ बसवू या."