माउलीच्या परण्यातला रेसिंग क्लच

कमलनगरच्या धनराजला गाडीतलं सगळं कळायचं. गाडी कशासाठी असते, एवढंच कळायचं राहून गेलं होतं. हैदराबादहून त्याने जुनीच, पण टर्बोची, बुटकी लाल गाडी आणली आणि आणल्याबरोबर इंजिनाची ताकद वाढवून घेतली. ती ताकद मूळच्या क्लचला पेलेना. पाय दाबला की इंजिन बोंबलायचं आणि गाडीचा वेग मात्र तेवढाच राहायचा. ओरडा फार आणि चाल काही नाही, हे धनराजबद्दलही त्याच्या वडिलांचं, म्हणजे अंकुशरावांचं, जुनं मत होतं.

आता नवा क्लच निवडायचा, तोही बहिणीच्या लग्नाआधी. मंजुश्रीचं लग्न चिंताकीच्या माउलीशी ठरलं होतं. परण्याला, म्हणजे लग्न लागायच्या आधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला न्यायला, गाडी मुलीकडच्यांनी द्यायची. अंकुशराव फुलांनी सजवलेली जीप सांगणार होते. मंजुश्रीच मधे पडली.

"अप्पा, दादाचीच गाडी असू द्या. एवढं एक काम त्याला करू द्या की."

अप्पा चक्क हो म्हणाले. धनराजला भरून आलं. या घरात आजवर त्याच्यावर विहिरीच्या मोटारीचं बटणसुद्धा कुणी सोपवलं नव्हतं.

गुलबर्ग्याला वीरण्णाच्या गॅरेजात टेबलावर दोन क्लच मांडले होते. एक दमदार पण साधा, इंजिनाच्या मूळच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवरच बसणारा, अर्ध्या क्लचवरही गाडी गुमान सरकवणारा. दुसरा खास शर्यतीचा. त्याची प्लेट सिरॅमिकची, सोबत हलकं फ्लायव्हील. तो एकतर धरतो नाहीतर सोडतो. मधलं काही त्याला मंजूर नाही. वीरण्णाचं मत गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून तयार व्हायचं. "अण्णा, दोन्ही बेस्ट हायत," तो म्हणाला. मग धनराजने मोबाइलवरच्या ग्रुपला विचारलं. तिथं पुण्यापासून बंगळूरपर्यंतचे तज्ज्ञ ठाण मांडून बसलेले. कमलनगरचा रस्ता त्यातल्या कुणीच बघितलेला नव्हता, त्यामुळे एकमत व्हायला वेळ लागला नाही. शर्यतीचाच घे, म्हणाले.

तेवढ्यात मंजुश्रीचा फोन आला. "दादा, परण्यात गाडी लई हळू न्यावी लागती. त्याला कोणता बरा?"

"तू तुझी मेंदी बघ," धनराज म्हणाला. "क्लचातलं तुला काय कळायलंय!"

शर्यतीचा क्लच बसला. येताना हुमनाबादच्या रस्त्यावर गाडी अशी सुटली, की भालकी येईपर्यंत धनराज स्वतःवर निहायत खूश होता.

लग्नाच्या दिवशी पुढे बँड, मधे नाचणारी पोरं, मागे लाल गाडी आणि गाडीमागे अप्पांसकट वडीलधारी मंडळी. बँडवाले चार पावलं जायचे आणि दोन गाणी वाजवायचे. धनराजने क्लच सोडला की गाडी टुणकन उडी मारायची. दाबला की थांबायची. जरा हळू सोडला की इंजिन बंद. दर उडीला माउलीचं बाशिंग नाकावर येई. शेजारी माउलीचे चुलते राघोबा बसले होते. साखरपुड्यात वरणात मीठ कमी पडलं म्हणून रुसलेले ते हेच.

"कामून नाचवायलास रे गाडी?" त्यांनी दरडावलं.

पोरांना ते फारच आवडलं. त्यांनी गाडीच्या उडीवर ठेका धरला. चौकात मात्र करपट वास सुटला, धूर निघाला आणि गाडीने जीव सोडला.

"मी उतरून चालतो," माउली हळूच म्हणाला. बिचारा मनापासून म्हणाला, पण धनराजने त्याला हाताने अडवलं. मुलीकडच्यांनी नवरदेवाला पायी चालवलं, हे चिंताकीत मंजुश्रीला म्हातारी होईपर्यंत ऐकावं लागलं असतं. आणि या गाडीसाठी शब्द तिनेच टाकला होता.

तो खाली उतरला. अप्पा पुढे आले होते. "अप्पा, तुम्ही स्टेअरिंग धरा," एवढंच त्याला बोलता आलं. गाडी न्यूट्रल करून तो मागे गेला आणि नव्या शेरवानीत ढकलू लागला. मदतीला आलेल्या पोरांना त्याने बाजूला सारलं. आता गाडी बँडच्या चालीने, एकही हिसका न देता निघाली. ग्रुपवरच्या कुठल्याच तज्ज्ञाला हा उपाय सुचला नव्हता.

मारुतीपुढे राघोबा उतरले. घामाने निथळणाऱ्या धनराजकडे त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"अंकुशराव, नवरीच्या भावानं सोता ढकलत आणलं आमच्या नवरदेवाला? असा मान आमच्या चिंताकीत कुणाला घावला न्हाई!"

अप्पांनी लेकाकडे पाहिलं. धनराज मान खाली घालून शिव्यांची वाट बघत उभा होता.

"व्हय पाव्हणं," अप्पा म्हणाले, "आमच्यात भावानंच ढकलायची पद्धत हाय."

शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं, असं धनराजला वाटलं. आता डोळ्यांतलं पाणी घाम म्हणून खपवावं लागत होतं. दर्शन झालं. मांडव अजून बराच लांब होता आणि वाटेला चढ होता. पद्धत म्हटल्यावर इलाज नव्हता. त्याने फेटा सावरला आणि पुन्हा गाडीमागे जाऊन हात टेकले.