भिंतीतला जोड

सोमवारी सकाळी साडेनऊला पिंपळगाव रेणुकाईची जीप भोकरदनच्या स्टँडसमोर थांबली आणि ड्रायव्हर हरिओम एक पुठ्ठ्याचा डबा घेऊन थेट सुमेधाच्या दुकानात शिरला. दुकानात तीन गिऱ्हाईकं होती. हरिओमला निरोप जसाच्या तसा सांगता येत असे, फक्त हळू आवाजात सांगता येत नसे.

"बद्रीनाथ काकांनी वापस पाठवलंय," तो दारातूनच म्हणाला. "म्हणले, माल डुप्लिकेट हाय. खोक्यावर फोर-के लिव्हलंय आन् टीव्ही म्हणतो, न्हाई."

तिघांपैकी एक जण तसलाच डबा हातात घेऊन उलटसुलट बघत होता. त्यानं तो अलगद काउंटरवर ठेवला आणि भिंतीवरच्या पंख्यांकडे बघू लागला.

टीव्ही, डिश, केबल आणि इंटरनेटवरून सिनेमे दाखवणारे हे डबे, असं सुमेधाचं दुकान गेली आठ वर्षं चालू होतं. बद्रीनाथ काकांची नाराजी तिला परवडणारी नव्हती. ते पिंपळगावच्या शाळा समितीचे अध्यक्ष होते. सात वर्गांना सात डबे घ्यायचे की नाही, हे त्याच दिवशी दुपारी चार वाजता ठरणार होतं. पण डबे एकवेळ दुसऱ्या गावात खपले असते. 'डुप्लिकेट' हा शब्द मात्र जीपमधून उतरला की स्टँडभर फिरतो आणि आठ वर्षं एका आठवड्यात पुसून टाकतो, हे तिला ठाऊक होतं.

तिनं डबा खोक्यातून काढला, दुकानातल्या मोठ्या टीव्हीला जोडला आणि माहितीचं पान उघडलं. पडद्यावर आलं: २१६०, साठ. म्हणजे पूर्ण फोर-के, साध्या एचडीच्या चौपट ठिपके, सेकंदाला साठ चित्रं. तिघांनी ते वाचलं. पंखे बघणारा माणूस म्हणाला की इथं चालतंय, तिथं का चालत नाही ते बघायला पाहिजे. ते सुमेधालाही बघायचं होतं. तिनं पिशवीत डबा आणि हातभर लांबीची एक केबल टाकली, दुकान धाकट्या बहिणीवर, प्रियदर्शनीवर सोपवलं आणि हरिओमच्या शेजारी जाऊन बसली.

बद्रीनाथ काका रागावलेले नव्हते. त्यांची खात्री पटलेली होती, आणि ते जास्त अवघड होतं. त्यांनी तिला खुर्ची दिली, बायकोला, नंदाबाईंना, चहा टाकायला सांगितलं आणि शांतपणे हकिकत सांगितली. मुलगी अर्पिता संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. रविवारी आली होती. तिनं रिमोटचं बटण दाबून बघितलं तर १०८०, म्हणजे साधी एचडी, दाखवलं. सेटिंगमध्ये जाऊन फोर-के निवडलं तर पडदा काळा झाला आणि पंधरा सेकंदांनी परत १०८० वर आला. हे त्यांनी नंतर दूध डेअरीवर सांगितलं होतं, शाळेत सांगितलं होतं आणि दाढी करताना न्हाव्यालाही सांगितलं होतं.

सुमेधा हॉल बघत होती. नवं बांधकाम, पंचावन्न इंची टीव्ही, आणि भिंतीवर एकही वायर दिसत नव्हती. डबा टीव्हीजवळ नव्हताच. तो बाजूच्या भिंतीतल्या काचेच्या कपाटात असायचा. कपाटाला कुलूप होतं आणि त्याची किल्ली काकांच्या करदोड्याला.

"डबा कुलपात आन् टीव्ही उघड्यावर," नंदाबाई कप ठेवत म्हणाल्या. "चोर आला तर टीव्ही नेईन. जाताना म्हणन, डबा मात्र लई जपून ठिवला बरं का."

काका म्हणाले की भारी वस्तू कपाटातच ठेवतात. त्यांच्या वडिलांनी रेडिओसुद्धा कपाटात ठेवला होता.

सुमेधानं काकांकडून कपाट उघडून घेतलं, डबा आधीसारखा आत जोडला आणि मग टीव्हीच्या मागे हात घातला. केबल तिसऱ्या पोर्टमध्ये होती. टीव्हीला चार पोर्ट असले तरी सगळे सारखे नसतात. या टीव्हीत पहिल्या दोनांवरच साठ चित्रांचं फोर-के लिहिलेलं होतं. तिनं केबल पहिल्या पोर्टमध्ये घातली, टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टची पूर्ण क्षमता चालू केली आणि कपाटातल्या डब्यावर फोर-के निवडलं. पडदा काळा. पंधरा सेकंद. पुन्हा १०८०.

"पाह्यलं?" काका म्हणाले.

"अजून एक बघू द्या."

तिनं डबा कपाटातून काढला, टीव्हीखाली स्टुलावर ठेवला आणि पिशवीतली हातभर केबल लावली. फोर-के निवडलं. पडदा क्षणभर मिटला आणि उघडला तो तसाच उघडा राहिला. माहितीच्या पानावर २१६०, साठ. तिनं एक डोंगराचं चित्रण लावलं. नंदाबाई पदराला हात पुसत पुढे आल्या आणि म्हणाल्या की दगडावरची मुंगीसुद्धा दिसतेय.

काकांनी पडद्याकडे आणि मग भिंतीकडे बघितलं. आतली केबल त्यांनी स्वतः संभाजीनगरहून आणली होती. पाच मीटर, जाड, चांगल्या प्रतीची. सुमेधानं टोकावरचं नाव वाचलं. केबल खरंच चांगली होती, ती विकते त्यापेक्षा सरस. तिनं विचारलं, भिंतीतून कुणी ओढली?

कचरू वायरमन. आसपासच्या गावांत विहिरीत किंवा बोअरमध्ये पाणबुडी मोटर सोडायची तर कचरूच लागतो. निरोप गेल्यावर तो पाचच मिनिटांत आला, खिशात टेस्टर आणि कानावर पेन्सिल. सुमेधानं केबलबद्दल विचारलं तेव्हा त्यानं काही लपवलं नाही. उलट खुलला. पाइप पाऊण इंची, त्याला मधे दोन वळणं, एचडीएमआयचं चपटं टोक त्यातून जाईना. मग त्यानं टोकापासून वीतभर अंतरावर केबल कापली, नुसती ओढली आणि पलीकडे जोडली. त्यानंच टीव्हीच्या मागची पट्टी उघडून दाखवलं.

सुमेधानं मोबाइलची बत्ती लावली. आत केसासारख्या एकोणीस तारा होत्या. रंगाला रंग जुळवून, एक-एक डाख देऊन, प्रत्येकीला वेगळी टेप गुंडाळून, वर रबराची जाड टेप. इतकं नीट काम तिनं दुकानातल्या कंपनीच्या मालातही क्वचित बघितलं होतं.

"माझा जोड दोनशे फूट पाण्यात दहा वर्षं टिकतो, ताई," कचरू म्हणाला. "ही तर कोरडी भित हाय."

"म्हंजे कचरूनं वाट लावली," काका म्हणाले.

कचरूचा चेहरा उतरला. त्याचं पोट त्या जोडावर होतं. बद्रीनाथ काकांच्या तोंडून हे वाक्य डेअरीवर गेलं असतं तर उद्यापासून कुणाची मोटर त्याच्या हातून विहिरीत गेली नसती. सुमेधाला हे स्वतःच्या सकाळवरून कळत होतं.

"काका, वाट लावली नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या हातानं हा जोड दिला असता तर तुम्हाला १०८०सुद्धा दिसलं नसतं. तुमच्या ठिबकचा पाइप बघा. वाल अर्धा सोडला की जोड कोरडा राहतो. पूर्ण सोडला की तिथंच उडतो. इथं तसंच आहे. साधी एचडी म्हणजे अर्धा वाल. मोटरच्या वायरला जोड चालतो, या केबलला कुणाचाच चालत नाही. आत तारांच्या जोड्या पीळ देऊन बसवलेल्या असतात, तो पीळ चार बोटं जरी सुटला तरी फोर-केचा भार पेलत नाही."

कचरूनं वाकून आपला जोड पुन्हा पाहिला. "पीळ सोडल्याबिगर डाख बसत न्हाई," तो हळू म्हणाला. "बराबर हाय."

नवी केबल घालायची तर पाइप मोठा हवा होता आणि पाइप मोठा करायचा तर भिंत फोडायला हवी होती. भिंतीचं नाव निघताच नंदाबाईंनी कप उचलले आणि भिंत फुटणार नाही असं जाहीर केलं. सुमेधानं डबा टीव्हीच्या मागे धरून दाखवला. तळहाताएवढा डबा, हातभर केबल. समोरून काही दिसत नव्हतं. रिमोटही चालत होता.

"मंग ह्यो कपाटाचा उपद्व्याप कशापायी?" नंदाबाईंनी विचारलं. काकांनी करदोड्यावरची किल्ली चाचपली.

कचरूनं डबा पट्टी मारून टीव्हीच्या मागे पक्का बसवला. सुमेधा पिशवी उचलून उभी राहिली. काका म्हणाले की चारच्या बैठकीत ते सगळं नीट सांगतील.

"बैठकीत सांगाच," ती म्हणाली. "शाळेतही डबे टीव्हीच्या मागेच लावायचे, आणि ते कचरूमामांनी लावायचे. एवढा नीट हात मला तालुक्यात दुसरा ठाऊक नाही. केबल मात्र कापायची नाही. पण काका, हरिओमनं तुमचा निरोप सांगितला तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाईकं होती."

"मंग?"

"तिथंही सांगायला पाठवा."

काका ओठांच्या कोपऱ्यात हसले आणि म्हणाले की शाळेत गणित शिकवलेल्या राजानंद गुरुजींची पोर हिशेबाला पक्की असणारच.

मंगळवारी साडेनऊला जीप थांबली. हरिओम आज दारातून बोलला नाही. तो काउंटरपाशी आला आणि वाकून कुजबुजला की समितीनं सात डबे सांगितलेत.

"आणखी काय म्हणाले काका?"

"म्हणले, सांग की माल बराबर व्हता, चूक भितीत व्हती."

"काल सांगितलंस तसं सांग."

हरिओमनं मागे वळून दुकानात पाहिलं. काल पंखे बघणारा माणूस पुन्हा आलेला होता. तो एकटाच होता.

"एकच गिऱ्हाईक हाय, ताई."

सुमेधानं प्रियदर्शनीला चहा सांगायला पाठवलं आणि हरिओमपुढे स्टूल सरकवलं. "बस," ती म्हणाली. "अजून दोघं येऊ दे."

चहा होईतो एक बाई डिशचं रिचार्ज करायला आली. जीपमधले प्रवासी हाका मारू लागले. मग एक म्हातारे गृहस्थ रिमोटचे सेल मागायला पायरी चढले, तेव्हा सुमेधानं हरिओमकडे पाहिलं. हरिओम उठला, दारात जाऊन उभा राहिला आणि त्यानं घसा साफ केला.