पत्र्याचा आवाज

"काय म्हणतेय?" पत्र्यावर हातोडी मारून बाबांनी लेकीकडे मान वळवली.

सुक्या गोदीत उभ्या असलेल्या जुन्या मालवाहू बोटीच्या पोटाखाली दोघं उभी होती. सरकारी बोटी तपासण्यात बाबांची सारी नोकरी गेली. ही तर त्यांची लाडकी. ती मोडीत निघणार, असा गोदीतल्या फोरमनचा निरोप आला आणि बाबांनी कपाटातून हातोडी काढली. पण कान केव्हाच गेले होते. म्हणून लेकीला सोबत आणलं.

तिला त्या आवाजांची लहानपणापासून ओळख होती. पत्रा जाड असला तर खणखणतो. आतून गंजाने खाल्लेला असला तर बद्द वाजतो. बद्द वाजला की बाबा भोवती खडूने गोल काढत. तेवढा कापायचा, नवा घालायचा. घरीही तीच खोड. पाण्याची टाकी, दार, खोकणाऱ्या लेकीची पाठ, ठोकून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "मला पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा हातोडी घरी विसरले, म्हणून जमलं," आई म्हणायची.

आताचा आवाज बद्द होता.

"खणखणीत!" ती त्यांच्या कानाशी ओरडली.

बाबांनी पत्र्यावर तळहात टेकला, पुन्हा ठोकलं आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"थाप मारतेस."

"जाऊ दे ना बाबा. आता मोडणारच आहेत हिला."

"मोडू देत. अगं, हिच्यातून माणसं समुद्रात जायची. त्यांना बरं वाटावं म्हणून मी कधी खणखणीत म्हटलं नाही. ऐकू येईल ते सांगायचं."

"बद्द," ती म्हणाली.

त्यांनी खिशातून खडू काढला. फोरमन हसला. "साहेब, हिचं भंगार होणार. खडू कशाला झिजवताय?"

साहेबांना ऐकू आलं नाही, की त्यांनी ऐकलं नाही, कोण जाणे. त्यांनी गोल पुरा केला आणि दोन पावलं मागे सरून नीट पाहून घेतला.

त्या थंडीत बाबांना दम लागू लागला. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना पुढे वाकवून बसवलं. पाठीवर एक बोट ठेवून दुसऱ्या बोटाने त्यावर ठोकत त्या खाली खाली येऊ लागल्या. वर आवाज घुमत होता. खालच्या बरगड्यांपाशी आला आणि एकदम बसला. कोपऱ्यात उभ्या असलेल्या लेकीने हातातली पिशवी घट्ट धरली.

"काही नाही आजोबा, व्हाल बरे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाबांना ते ऐकू गेलं नाही. ठोकलेलं मात्र पाठीला कळलं होतं. त्यांनी लेकीकडे मान वळवली, गोदीत वळवली होती तशीच.

"काय म्हणतेय?"

 ती त्यांच्या कानाशी वाकली.

"बद्द, बाबा."

"हं," ते म्हणाले. आणि मांडीवरच्या चादरीवर त्यांनी बोटाने सावकाश एक गोल काढला.