दुसऱ्याच्या नंबरचं कुलूप

आमच्या बिस्किटांच्या कारखान्यात एक जुने तंत्रज्ञ होते, ते आपला सरकारी नोंदणी क्रमांक जिथे तिथे लिहायचे. दुरुस्तीच्या वहीत, यंत्राला लावलेल्या चिठ्ठीवर, अगदी रजेच्या अर्जावरही. मी त्यांना नंबरवाले म्हणायचे, तेही तोंडावर.

कारखाना नवऱ्याचा, पण माणसांवर नजर माझी. नंबरवाल्यांचं काम मला कधी दिसलंच नाही, दिसायचा तो नुसता सोहळा. पीठ मळायच्या मोठ्या यंत्रात हात घालायचा तर आधी बाहेरच्या बोळातला मेन स्विच बंद करायचा. त्याला लाल कुलूप, कुलपावर यांचा नंबर, किल्ली खिशात. काम संपलं की यंत्रापाशी उभं राहून तीनदा विचारायचं, "आत कोणी आहे का?" मग वाट बघायची आणि मगच कुलूप काढायचं.

"एकटेच आत गेलात, एकटेच बाहेर आलात. हाक कोणाला मारता?" मी एकदा विचारलं.

"सवय राहावी म्हणून मारतो, वहिनी. एखाद्या दिवशी खरंच कोणी असेल."

एकदा ते असंच कुलूप लावून सुटा भाग आणायला गेले आणि किल्लीही घेऊन गेले. तासभर भट्टी रिकामी तापत राहिली. ते परतल्यावर मी सगळ्या कामगारांदेखत त्यांना फैलावर घेतलं. किल्ली ठेवून जायला काय झालं होतं, असं विचारलं, तर म्हणाले, "किल्ली ठेवली तर कुलूप कशाला लावायचं?" त्याच आठवड्यात मी त्यांना काढून टाकलं.

नवरा कुरकुरला. "नोंदणीवाला माणूस आहे तो. चूक केली तर नोंदणी जाईल, म्हणून दहादा बघून काम करतो. त्याच्या जिवावर मी निवांत झोपतो."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हटलं. "माझा भाऊ घरी बसलाय तो दिसत नाही का?"

माझा धाकटा भाऊ. बिघडलेला पंखा म्हणू नका, शेजाऱ्यांची गाडी म्हणू नका, हात लावला की चालू. नोंदणीच्या परीक्षेला बसायचं त्याने दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा झोपून राहिला. मला त्याचंही कौतुकच वाटायचं. आपला तो बाब्या. यंत्र त्याच्याच हाती दिलं.

जाताना नंबरवाल्यांनी एक कागद पुढे केला. पीडा टळतेय ना, म्हणून मी न वाचताच सही ठोकली.

महिन्याभराने ते अनुभवाचा दाखला घ्यायला आले. दाखला माझ्या खणात तयार होता. तरी मी त्यांना बोळातल्या स्टुलावर दीड तास बसवून ठेवलं. मला मजा येत होती, खोटं कशाला सांगू? दाखला घेऊन ते गेले.

अर्ध्या तासाने भट्टीवाला आला. "पीठ आलं नाही. यंत्र बंद आहे."

भाऊ चहाला गेला असेल असं समजून मी बोळात आले. मेन स्विच बंद, त्यावर लाल कुलूप, कुलपावर तोच नंबर. सकाळी तर यंत्र चालू होतं. आणि या स्विचसमोर दीड तास कोण बसलं होतं? माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हातारा जाता जाता सूड उगवून गेला होता.

मी स्टोअरमधून लोखंड तोडायची मोठी कात्री आणली. कुलूप चिवट होतं, तिसऱ्या झटक्याला तुटलं. स्विच वर केला आणि शेजारचं, यंत्र सुरू करायचं हिरवं बटण दाबलं.

भिंतीपलीकडून आधी यंत्राचा आवाज आला, मग भावाचा.

तो जगला. दोन्ही हात कोपरांच्या वरून गेले.

चौकशी आमच्याच ऑफिसात झाली. भावाला इस्पितळातून थेट तिथे आणलं होतं, नंबरवाल्यांनाही बोलावलं होतं. विजेच्या घोटाळ्याने यंत्र सुरू झालं, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं. अधिकाऱ्याला मात्र खरं सांगावं लागलं होतं, आणि तो माझा जबाब वाचू लागला: जुन्या तंत्रज्ञाने आकसाने कुलूप लावलं, म्हणून मी ते तोडलं.

नंबरवाले उठले आणि त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला. त्यावर लिहिलं होतं, "सहा लाल कुलपं, किल्ल्यांसह, ताब्यात दिली. माझा नंबर खोडून वापरणाऱ्याचं नाव घातल्याशिवाय लावू नयेत." खाली माझी ठसठशीत सही.

"कुलूप मी लावलं होतं," भाऊ हळूच म्हणाला. "हे बाहेर बसले होते. यंत्राची बिघडलेली घरघर ऐकून मला म्हणाले, आत हात घालणार असशील तर आधी कुलूप लाव, माझा नंबर खोडून तुझं नाव घालून लाव, आणि काढण्याआधी तीनदा हाक मार. मी लावलं. नंबर खोडून नाव घालायचा कंटाळा केला." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "तू तोडलंस, ताई?"



"यंत्राची जबाबदारी कोणाकडे होती?" अधिकाऱ्याने नवऱ्याला विचारलं. "त्यांचा नोंदणी क्रमांक सांगा."

सांगण्यासारखा एकही आकडा आमच्याकडे नव्हता.

कारखाना तीन महिने बंद राहिला. नवरा नंबरवाल्यांच्या दारी जाऊन हात जोडून आला, ते काही आले नाहीत. आता त्यांच्या जागी एक नोंदणीकृत तंत्रज्ञ बाई आहेत. कुलपावर त्यांचं नाव, त्यांचाच नंबर. काम संपलं की त्या तीनदा हाक मारतात. ती ऑफिसात ऐकू येते.

भाऊ आमच्याकडेच असतो. त्याला नवरा भरवायला तयार असतो, एक नर्सही येते, पण तो माझ्याच हातून जेवतो. पहिल्या दिवशी मला ते ऐकून बरं वाटलं होतं. मी घास पुढे केला, तर त्याने तोंड मिटून घेतलं.

"आधी हाक मार," तो म्हणाला.

"काय?"

"तीनदा. आणि उत्तर येईपर्यंत थांब."

तेव्हापासून प्रत्येक घासाला मी विचारते, आत कोणी आहे का, आत कोणी आहे का, आत कोणी आहे का? तो "आहे" म्हणतो आणि तोंड उघडतो. कधी कधी काहीच म्हणत नाही, नुसता बघत राहतो. मग मी घास तसाच हातात धरून बसते.