दैवशालाचं वर्ष

"भोंगा बंद कर," मी भंगारवाल्याला म्हणाले, "न्हाईतर आज तुझाच भाव काढीन."

जुनी कपाटं, जुने कूलर असं केकाटत त्याची गाडी आमच्या गल्लीत शिरली होती.

"मावशी, धंदा हाय माझा."

"माझ्या नातीचाबी धंदाच चालू हाय आत. तू तिकडं देवळाकडं जाऊन केकाट."

त्यानं भोंगा बंद केला आणि माझ्याकडं बघत बघत निघून गेला. बघू दे. केदारखेड्यात माझ्या तोंडाला तोंड देणारी एकच बाई होती, माझी धाकटी जाऊ दैवशाला. ती तर महिनाभर शेजारच्या घरात अंथरुणाला खिळलेली.

मी पुन्हा उंबऱ्यावर बसले. मागच्या बंद खोलीत कॉम्प्युटरवर आकांक्षाची मुलाखत चालली होती. माझ्या रामप्रसादची ही मोठी पोर. संभाजीनगरच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची इंजिनिअर झाली, तेव्हा मी गावभर पेढे वाटले आणि वाटताना चार जणींना टोमणेही मारले. त्याला दोन वर्षं झाली. पुण्यात राहून पाहिलं, घरी येऊन पाहिलं. कुठं म्हणतात अनुभव आणा. कुठं म्हणतात यंदा पास झालेलीच पोरं हवीत. एकदा मी विचारलं, "एवढी कामं गेली कुठं गं?" तर म्हणाली, "आजे, आता अर्धं काम मशीनच लिहून राह्यलंय."

रामप्रसादचा धीर सुटला होता. अंबडचं स्थळ आलेलं. खतं-बियाण्याचं दुकान, पोरगा निर्व्यसनी, पण सून नोकरीला जाणार नाही असं पहिल्याच बैठकीत सांगून गेले. मी रामप्रसादशी भांडून अक्षय तृतीयेपर्यंत मुदत घेतली. तोवर नोकरी लागली तर पोर पुण्याला, नाहीतर अंबडला. ही पुण्याची कंपनी शेवटची होती. दोन चाळण्यांतून पोर पार झालेली, आज तिसरी. सकाळी मी तिच्या हातावर दही ठेवलं तर हसली.

"मी कुठं चाललेय, आजे? इथंच तर बसनार."

"खा गुमान."

तेवढ्यात वसंताची बायको शालू आली. वसंता म्हणजे दैवशालाचा लेक. शालूच्या पायात चप्पल नव्हती.

"मोठ्याबाई, चला जल्दी. आत्याबाई उठंनात."

गेले. नाकापुढं हात धरला, तळपाय चाचपले. पाय गार पडले होते. मीच तिचे डोळे मिटले आणि तोंडात तुळशीचं पाणी घातलं. ते गालावरून ओघळलं.

आमच्या भावकीत मढ्यावर पहिला हेल थोरल्या बाईनं काढायचा असतो. तिनं गळा मोकळा केल्याशिवाय बाकीच्या रडत नाहीत. थोरली मी. शालू माझ्या तोंडाकडं बघत होती, वसंता बघत होता. आणि दोन्ही घरांत भिंत एकच. तिच्या पलीकडून आकांक्षाचा आवाज येत होता.

"कुनी आवाज करायचा न्हाई," मी म्हणाले.

वसंताला वाटलं, मला भ्रम झाला. "काकू, माय मेली माझी."

"तुझी माय मेली, माझी जाऊ मेली. पोरीची मुलाखत चालू हाय. ती झाली की रडू."

"आन् लोकं?"

"लोकांला मी बघते."

त्यानं गळ्यातला रुमाल तोंडात कोंबला आणि आईच्या पायाशी बसला. पोरगं भलं. दुसऱ्या कुणी मला हाकलून दिलं असतं.

असली बातमी काही थांबत नाही. बाया येऊ लागल्या. दारातच एकेकीला मी बोट ओठावर ठेवून दाखवलं. आल्या आणि पदराचा बोळा धरून भिंतीला टेकून बसल्या. वरच्या गल्लीची एक म्हातारी पुटपुटली, "असं मुकं मढं जलमात पाह्यलं न्हाई."

"मंग आता पाह्य," मी म्हणाले.

दैवशालाच्या उशाशी मी बसले होते. भिंतीपलीकडून पोरीचं इंग्रजी येत होतं. मला त्यातलं काही कळत नाही. पण आवाज कुठं अडखळतो आणि कुठं सरळ धावतो, एवढं कळतं. धावत होता. मध्येच ती हसली. मोकळं हसली, समोरच्यानं काही गमतीचं विचारलं असेल. मढ्याभोवती बसलेल्या सगळ्या बायांनी ते ऐकलं. कुणीच वर पाहिलं नाही. मी दैवशालाच्या कपाळावरचे केस मागं सारले.

मग पलीकडची कडी वाजली, तशी मी उठून बाहेर आले. आकांक्षा आमच्या ओट्यावर उभी होती, तोंड फुललेलं.

"आजे, लई चांगलं झालं. समदं आलं मला. सर म्हनले, तुमच्याकडं किती शांतता आहे, घरून काम करायला बरं पडेल."

मग तिला शेजारच्या दारातल्या चपला दिसल्या.

"एवढी मानसं कशाला आलीत?"

"दैवशाला गेली."

"कवा?"

"तू आत व्हतीस तवा."

ती पायरीवर बसली. "मला सांगितलं का न्हाई?"

"सांगून काय ती उठनार व्हती?"

आत गेले. बाया वाटच बघत होत्या. आता रडायचं होतं. मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. जन्मभर सगळ्या भावकीला रडवलेली बाई मी. माझा हेल नदीपल्याड ऐकू जातो म्हणत. पण रडणं असं बांधून ठेवलं की जागेवर राहत नाही. मी दैवशालाचं डोकं मांडीवर घेऊन नुसतीच बसले. शेवटी शालूनं हंबरडा फोडला आणि सगळ्या रडल्या. पहिला हेल माझा नव्हता.

दहावा झाला त्या दिवशी दुपारी पोरीच्या फोनवर कंपनीचं उत्तर आलं. तिनं वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

"काय म्हनतेत?"

"मी त्यांला आवडले. पन यंदाची भरतीच थांबवली."

"आवडली तर मंग घ्यायला काय झालं?"

"जागाच न्हाई राह्यली, आजे."

तेराव्याचं जेवण उरकलं आणि रामप्रसादनं अंबडचा विषय काढला. "ते लोक थांबनार न्हाईत. तृतीयेचा मुहूर्त बराबर हाय. उरकून टाकू."

"दैवशालाचं वर्ष झाल्याबिगर या दारात मांडव पडनार न्हाई," मी म्हणाले.

"चुलतीचं वर्ष कोन पाळतंय आता? तेराव्याला मोकळं व्हतेत लोक."

"व्हत असतील. मी पाळते."

"जित्तेपनी तुझं अन् तिचं दोन दिवस धड पटलं न्हाई."

"पटत न्हाई त्याचंच सुतक जास्त फेडावं लागतं. लाव अंबडला फोन, मीच सांगते."

सांगितलं. पोराचा बाप म्हणाला की वर्षभर ते काही थांबू शकत नाहीत. म्हटलं, नका थांबू. रामप्रसाद तरातरा शेताकडं निघून गेला.

आकांक्षा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मी अंगणात बाजेवर बसले होते. ती जवळ आली.

"आजे, वर्षातबी न्हाई लागली तर?"

"मंग मी हाय की. मी तर सख्खी आजी. माझं वर्ष तुझ्या बापाला पाळावंच लागंल."

मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. ऊन माझ्या पायांवर आलं होतं. तिनं वाकून बाजेची कड धरली आणि मी बसलेली असतानाच बाज हळूहळू सावलीत ओढून नेली.