अकरा धडे आणि माझा लाल दिवा

मी एक जुना यूपीएस आहे. माझे वजन अठ्ठावीस किलो. पण मित्रांनो, त्यातले निम्म्याहून अधिक माझे नव्हे, पोटातल्या बॅटऱ्यांचे आहे. बाहेरची वीज गेली की मी त्यांच्यात साठवलेली वीज देतो. तेवढ्या वेळात माझ्या भरवशावर चालणारा संगणक हातातले काम आवरून नीट बंद होतो. अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ. माझ्या जन्माचे सारे सार्थक त्या अर्ध्या तासात आहे.

माझी पहिली नोकरी भोपाळजवळच्या मंडीदीपमधल्या एका औषध कारखान्यात झाली. पहिली तीन-चार वर्षे जो तो माझे कौतुक करी. बॅटऱ्या तीन वर्षांनी बदलाव्यात, असे माझ्या पाठीवर छापले होते. पण माझी पाठ भिंतीकडे होती. सहाव्या वर्षी एका दुपारी वीज गेली आणि मी दीड मिनिटात कोसळलो. "निकम्मा निकला," असे म्हणून मला भंगारवाल्याच्या गोदामात टाकले.

तिथे सहा महिन्यांनी सरोजताई आल्या. भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या आणि कारखान्याच्याच वसाहतीत एकट्या राहत. आवाज स्वच्छ, शब्द न् शब्द सुटा. त्या आवाजात त्या अंध विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची पुस्तके वाचून ठेवीत. घरातल्या कोठीच्या खोलीत लोखंडी रॅकवर त्यांचा सर्व्हर होता. मुले आपापल्या गावाहून त्यावरचे धडे ऐकत. वसाहतीतली वीज अलीकडे वरचेवर जाऊ लागली होती आणि नवा यूपीएस त्यांना परवडत नव्हता. सोबत शेजारचे श्रीकांतराव होते, सबस्टेशनमधले फिटर.

"मॅडम, बैटरी एकदम नई है," भंगारवाला म्हणाला.

"नई है तो बल्ब लगाओ," श्रीकांतराव म्हणाले.

चार मोठे बल्ब मला जोडून त्यांनी भिंतीतला प्लग ओढला. मिनिटभरातच बल्ब पिवळे पडले, मग विझले. श्रीकांतरावांनी माझे झाकण उघडले. बॅटऱ्यांची पोटे फुगली होती. वरची नवी चिठ्ठी त्यांनी नखाने खरवडली, तर खाली सात वर्षांपूर्वीची तारीख.

"चला मग परत," सरोजताई म्हणाल्या.

"थांबा ताई. सर्किट ठणठणीत आहे याचं. बॅटऱ्या मेल्यात, हा नाही मेला."

मित्रांनो, हे एक वाक्य ऐकायला मी सहा महिने धूळ खात बसलो होतो.

बॅटऱ्या तिथेच टाकून त्यांनी माझी नुसती पेटी विकत घेतली आणि भोपाळला आल्यावर नव्या बॅटऱ्या भरल्या. दर तीन महिन्यांनी श्रीकांतराव येऊन प्लग ओढत आणि घड्याळ लावून बसत. "छत्तीस मिनिटं!" ते ओरडत आणि सरोजताई चहा ठेवायला जात. वीज कितीदा तरी गेली. एकदाही सर्व्हरला धक्का लागला नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात श्रीकांतराव मुलीकडे नागपूरला गेले. सरोजताई तेव्हा विश्वाससाठी इतिहासाचे जाडजूड पुस्तक वाचत होत्या. विश्वास भोपाळच्याच नेहरू नगरात राहणारा, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. जन्मापासून दृष्टी नाही. माझ्या पंख्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून त्या कोठीचे दार बंद ठेवीत. आत भट्टी पेटल्यासारखे होई. उष्णता हा बॅटऱ्यांचा काळच. एके दिवशी मी लाल दिवा लावला आणि टीं टीं करू लागलो.

सरोजताई तरातरा आत आल्या. "अरे बाबा, धडा तरी संपू दे!" त्यांनी माझे बटण दाबून आवाज बंद केला, दार पुन्हा लावून घेतले. लाल दिवा बंद दाराआड जळत राहिला. एक धडा संपला, दुसरा लागला.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, धडा सर्व्हरवर उतरत असतानाच वीज गेली. मी जीव तोडून तग धरला. पण सर्व्हर आवरून बंद होण्याआधीच माझ्यातली वीज संपली. वीज परतली तेव्हा डिस्क बिघडलेली होती. अकरा धडे गेले. त्यांची दुसरी प्रत काढायचे रोज उद्यावर राहत होते. विश्वासचा पेपर सहा दिवसांवर आला होता.

सरोजताईंनी विश्वासला फोन लावला आणि झाले ते सरळ सांगितले.

तो म्हणाला, "यूपीएस जुना होता ना, मावशी? जुन्या मालाचं असंच असतं."

"नाही रे. तो बिचारा ओरडत होता. मीच त्याचं तोंड दाबलं." त्यांनी पुस्तक गेलेल्या पहिल्या धड्यावर उघडले. "तू उद्या सकाळी ये. मी रजा टाकते."

कारखान्यात माझ्या वाट्याला दोष आला होता. इथे तो कोणीतरी आपल्या अंगावर घेतला. मला त्याचा आनंद झाला असता. पण धडे गेलेच होते.

विश्वास रोज पांढरी काठी घेऊन बसने येई. त्या वाचत, तो ऐके. तिसऱ्या दिवशी सरोजताईंचा घसा पार बसला. "मावशी, आता ऐकलेलं मी सांगतो. तुम्ही पुस्तकात बघा, चुकलं की टेबलावर टकटक करा," तो म्हणाला. त्या दिवशी टकटक फार कमी ऐकू आली.

तरी नऊच धडे झाले. पेपरात दहाव्या धड्यावर मोठा प्रश्न आला. त्याने तो सोडून दिला. पहिला वर्ग थोडक्यात हुकला, दुसरा मिळाला. पेढे मात्र त्याने आणले. सरोजताईंनी पेढा हातात घेतला आणि कितीतरी वेळ तो खाल्लाच नाही.

श्रीकांतराव परतल्यावर माझ्यात नव्या बॅटऱ्या आल्या. सर्व्हरला दुसरी डिस्क आली. सरोजताईंनी कोठीचे दार बिजागऱ्यांसकट उतरवून माळ्यावर टाकले.

मित्रांनो, माझा आवाज गोड नाही, हे मला ठाऊक आहे. नेमका नको त्या वेळी मी बोलतो. पण जो तुमच्यासाठी रोज निमूट राबतो, तो कधी कुरकुरला तर त्याला गप्प करण्याआधी उठून एकदा जवळ जा. यंत्र असो, नाहीतर माणूस.

आता सरोजताईंच्या धड्यांत कुठे कुठे मधेच टीं टीं ऐकू येते. तेवढा तुकडा त्या कापत नाहीत. वाचन थांबते, खुर्ची सरकते, आणि त्यांचा तो स्वच्छ आवाज म्हणतो, "थांबा हं मुलांनो, घरातलं कोणीतरी हाक मारतंय."