चौकटीवरची डबी

अर्धापूरच्या बालाजीच्या घरी टीव्हीवरच्या हास्य कार्यक्रमाशिवाय संध्याकाळचा घास कुणाच्या घशाखाली उतरत नसे. त्यात एक यहुदी सावकार यायचा. लांबलचक नकली नाक, काळा झगा, आणि दुसऱ्याच्या वाईटावर टपलेले डोळे. सगळं घर पोट धरून हसायचं. बालाजीने गणपतीच्या स्टेजवर त्याची हुबेहूब नक्कल केली, वर पदरची भरही घातली. "दाराला डबी ठोकलीय म्या! हिच्यात गावातली लेकरं कोंडतो!" टाळ्या थांबेनात.

डबी त्याने शेजारीच पाहिली होती. तिथे भाड्याने राहणाऱ्या रिबेका नागावकर दवाखान्यात सिस्टर होत्या. अलिबागकडच्या, पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलणाऱ्या यहुदी घरातल्या. त्यांच्या चौकटीवर प्रार्थनेची गुंडाळी ठेवलेली एक तिरपी डबी होती. आत जाताना त्या तिला बोटं लावून ओठांशी नेत. गावाला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

आता वाटू लागलं! पोरं मागून "नाकवाली" ओरडू लागली. दूधवाला फिरकेना. गल्लीतलं एक लेकरू तापाने फणफणलं, तशी डबीखाली लिंबू-बिबा दिसला. "करणीची डबी हाय म्हणं," बायका कुजबुजल्या.

बालाजीचा मित्र सुगत शाळेत मास्तर. तो भडकलाच. "हे तुझ्यामुळं झालं."

"मजाक होती रे! लोकाला कळत न्हाई का?"

"आमच्या लोकावर बी असेच जोक व्हायचे. आधी हसत्यात, मंग घागर दूर धरत्यात. हसून हसून माणसाला माणसातून उठवलं, की दगड मारताना कुणाचा हात कापत न्हाई."

बालाजीने ते हसण्यावारी नेलं.

पुढच्याच आठवड्यात त्याच्या बायकोला, शिल्पाला, आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. तो सिस्टरांच्या दाराकडे धावला आणि जागीच थबकला. माणसं जमली होती. डबी उचकटून पायरीवर फेकलेली. आत सिस्टर भिंतीला टेकून उभ्या.

"सिस्टर, चला! शिल्पा..."

मागून त्याची आई तुळजाबाई कडाडली, "तिचा हात लागू देणार न्हाई माझ्या सुनंला! लेकरं कोंडती ती. तूच म्हनला न्हाईस का?"

बालाजी ओरडला, "माय, ते म्या रचलं! खोटं हाय सगळं!"

कुणीतरी खुदकन हसलं. पाठोपाठ सगळेच हसले. त्यांना वाटलं, बालाजी पुन्हा तेच सोंग करून राहिला!

त्याने डबी उचलली, सिस्टरांच्या हाती दिली. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी शिल्पा." आडव्या आलेल्या आईला बाजूला सारून, हसणाऱ्या गर्दीतून दोघं वाट काढत गेले.

बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. सिस्टर मात्र बदली मागून गेल्या. बालाजी आजही गावाला खरं सांगत फिरतो आणि गाव आजही हसतं.

मंडळी, ज्या माणसांना आपण ओळखतही नाही, त्यांच्यावर हसायला आपल्याला रोज घरबसल्या शिकवलं जातंय. ते हसू वेळीच आवरा. आज ते शेजाऱ्याच्या दारात पोचलंय, उद्या आपल्याच उंबऱ्यात उभं राहील!